पहिल्या प्रश्नाला नुसतं एंटर

ज्या मशीननं माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न मोडलं, तेच मशीन दुरुस्त करायला मी म्हातारपणी बसले, हे ऐकून माझा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुला दुसरे उद्योग नाहीत का?" नाहीत, बाबा. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात जन्म गेला, नवरा गेला, मुलगा पुण्याला. आता बेळगावात टिळकवाडीतल्या ह्या घरात मी आणि आक्का, दोघीच. सकाळी ती देवपूजा करते, मी पेपरातलं कोडं सोडवते, आणि दुपारी दोघी मिळून शेजारणींची उणीदुणी काढतो. अशा ह्या घरात निपाणीहून आमच्या मामेभावाचा, दत्ताचा, फोन आला. "सुमे, वखार इकली गं. माळ्यावर तुमच्या आप्पांचं कंप्युटर हाय. न्हेतीस, का भंगारात घालू?" फोन स्पीकरवर होता. "घाल भंगारात" म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "आण म्हणावं."

मी आत जाऊन बघितलं. आक्का भाकरी थापत होती आणि तिचे हात थांबले नव्हते. "कशाला गं आणायची ती अवदसा घरात?" मी विचारलं. "तुला दुरुस्त करता येतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग कर. मला ते वाक्य परत एकदा बघायचं हाय." कुठलं वाक्य, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात ते वाक्य म्हटलं की एकच. इतक्या वर्षांत तिनं त्याचा उच्चार केला नव्हता आणि मीही केला नव्हता. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली, आणि भीती कशाची, ते सांगता आलं नसतं.

आमचं निपाणीचं घर म्हणजे पुढं वडिलांची, आप्पांची, टायपिंग इन्स्टिट्यूट आणि मागं आम्ही. सकाळी सहापासून पुढच्या सोप्यात टाइपरायटरांचा नुसता खडखडाट चालायचा. एका भिंतीला मराठी मशीनं, दुसऱ्या भिंतीला कानडी, आणि मधे इंग्रजी. त्या खडखडाटात आई आत चुलीवर झुणका टाकायची, आणि फोडणीचा खकाणा पुढं गेला की सगळी इन्स्टिट्यूट एका तालात शिंकायची. तंबाखूच्या दिवसांत तर गावच शिंकायचं. वखारी उघड्या, गाड्यांवर तंबाखूची बोदं चढतायत, रस्त्यावर भुकटी, अंथरुणात भुकटी. बाहेरचा पाहुणा आला की नाकाला रुमाल लावायचा, आणि आम्हाला तो वासच यायचा नाही. आप्पा शिस्तीचे, आणि शिकवण्यात मात्र फार गोड. त्यांचं एकच सूत्र होतं: बोटांनी विचार करायचा नाही. "सांगितलंय तसं मारायचं. 'का' इचारणारं बोट चुकतंय," ते म्हणायचे. पोरं पटापट पास व्हायची, म्हणजे सूत्र काही खोटं नव्हतं.

मग आप्पांनी कंप्युटर आणला. बेळगावच्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेला, जुनाच, पण निपाणीत तो आमच्याच घरी पहिला. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉप्या घालायच्या दोन फटी, आणि छपाईचं एक यंत्र, जे सुरू झालं की पत्र्यावर नखं ओढल्यासारखा आवाज करायचं. विकणाऱ्यानं सोबत पत्रिकेची फ्लॉपी दिली. जन्माची तारीख-वेळ घाला, गाव घाला, की कुंडली बाहेर, आणि खाली 'सध्याची ग्रहदशा' म्हणून चार ओळी भाकीत. टायपिंग शिकायला माणसं येत होतीच, आता पत्रिका करायला रांग लागली. आप्पा अंघोळ करून, चपला बाहेर काढून, मशीनला हळदकुंकू लावून, मगच बटण दाबायचे. मशीन आधी इंग्रजीत दोन प्रश्न विचारायचं. "पहिल्या दोन प्रश्नांना नुसतं एंटर दाबायचं," असं विकणाऱ्यानं त्यांना सांगितलेलं होतं. आप्पा डोळे मिटल्यासारखे करून दोनदा एंटर दाबायचे, अगदी देवाला फूल वाहावं तसे, आणि पुढचं काम सुरू. छापून आलेल्या कागदावर त्या दिवसाच्या तारखेचा रबरी शिक्का ते स्वतःच्या हातानं मारायचे. गाव म्हणायचं, "माणूस चुकंल, कंप्युटर चुकत न्हाय."

चिडले ते फक्त आमच्या गल्लीतले, पंचांग बघून पत्रिका करणारे जोशीबुवा. आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर चहा प्यायचे. कंप्युटर आल्यापासून ते पलीकडच्या बाजूनं जायला लागले. आईनं एकदा हाक मारली तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरात आता नवा जोशी आलाय. त्याला पाजा चहा." आई हसली होती. तेव्हा सगळेच हसलो होतो.

रघुनाथ इन्स्टिट्यूटमध्येच आला होता, इंग्रजी टायपिंग शिकायला. बेळगुंदीचा शेतकऱ्याचा मुलगा, लोंढा जंक्शनवर रेल्वेत नवीनच लागलेला. डबे जोडायचं, सोडवायचं काम होतं, आणि खात्याची परीक्षा देऊन कारकून व्हायचं मनात होतं. निपाणीला आत्याकडं सुट्टी काढून राहिला होता. आक्का तेव्हा आप्पांच्या हाताखाली शिकवायची. त्याच्या बोटांना डबे जोडायची सवय. दोनच दिवसांत मशीनची एक कांडी मोडली त्यानं. आक्का म्हणाली, "अवो, इंजिन न्हवं ते, टाइपरायटर हाय." तो लाजून कानापर्यंत लाल झाला, आणि मी, शाळकरी पोर, त्याच दिवशी ओळखलं की हे काही नुसतं टायपिंग नाही. आक्का गाणी म्हणत केस विंचरायला लागली. आईनं ओळखलं, आप्पांनीही ओळखलं, आणि नवल म्हणजे कुणाचीच हरकत नव्हती. जात तीच, पोरगा सरळ, नोकरी सरकारी. आईनं तर बेळगावहून मांडे करणारी बाई सांगून ठेवायचं ठरवलं. लग्नाची बोलणी व्हायच्या आधीच मांडे, म्हणून आप्पा तिची थट्टा करायचे.

ठरलेल्या दिवशी बेळगुंदीहून रघुनाथ आणि त्याचे आईवडील आले. येताना रताळ्यांचं पोतं घेऊन आले, मातीसकट, ताजी. त्या दिवशी इन्स्टिट्यूटला सुट्टी दिलेली, सगळ्या मशीनांवर कापडं टाकलेली, आणि मधोमध फक्त कंप्युटर उघडा. पोहे झाले, चहा झाला, आणि रघुनाथचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाय. आता रीत म्हणून तेवढी पत्रिका बघू या. तुमच्याकडं तर मशीनच हाय म्हनं." आप्पांची छाती फुगली. हळदकुंकू लावलं, बटण दाबलं, एंटर, एंटर. आधी रघुनाथची पत्रिका निघाली, ठीकठाक. मग आक्काची. छपाईचं यंत्र किंचाळत एकेक ओळ बाहेर टाकत होतं आणि रघुनाथची आई कौतुकानं त्याच्याकडं बघत होती. शेवटच्या ओळी आल्या. रघुनाथचे वडील शाळा शिकलेले होते, त्यांनी त्या सगळ्यांच्या आधी वाचल्या, मोठ्यानं. "सप्तमस्थान पीडित. जोडीदाराच्या जिवास लोखंड व चाक यांपासून धोका. विवाह टाळावा."

बाहेर एक बैलगाडी गेली, चाकांच्या लोखंडी धावा वाजवत. आप्पा म्हणाले, "थांबा, थांबा. काय तर चुकलंय माझं." त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. एंटर, एंटर. जन्मवेळ घातली, बोटानं एकेक अक्षर तपासून. तेच वाक्य. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एंटर, एंटर. तेच. माझ्या बापाच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता आणि तो पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. तेवढ्यात रघुनाथ बोलला, आणि बिचाऱ्यानं बोलू नये तेच बोलला. "मला काय न्हाय वाटत. मी लोंढ्याला रोज लोखंडातच तर उभा असतोय." त्याच्या आईनं तोंडावर पदर घेतला आणि तिच्या घशातून जो आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. त्याचे वडील उठले. आप्पांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "पोरगी गुणाची हाय ओ. खोट काडायची न्हाय आमाला. पर एकुलता एक हाय आमचा." रघुनाथ दारातून मागं वळून बघत होता. आक्का आतल्या दारात उभी होती, आणि तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. आपली नजरसुद्धा त्याला लागेल, असं तिला वाटलं असावं.

आई दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन जोशीबुवांकडं गेली, मला सोबत घेऊन. जोशीबुवा ओसरीवर पंचांग घेऊनच बसले होते. आईनं कागद पुढं धरला. त्यांनी हात मागं घेतले. "मशीननं केलंय न्हवं हे?" "व्हय, पर तुम्ही एकदा नजरेखालनं..." "मशीननं केलेली पत्रिका मी बघत न्हाय, वहिनी. नवऱ्याला सांगा, शांतसुद्धा मशीनकडनंच करून घ्या." पंचांग त्यांच्या मांडीवर उघडं होतं. नुसतं एक पान उलटून त्या दिवशीचे ग्रह बघितले असते तर त्यांना कळलं असतं. पण रुसवा मोठा होता. आई माघारी फिरली, आणि वाटेत मला म्हणाली, "चप्पल का फरफटवतीस गं? नीट चाल." तिला रडायचं होतं आणि रस्त्यात रडता येत नव्हतं.

मग घरावर जे दिवस आले ते मला धड सांगता येणार नाहीत. रोज कुणीतरी लोंढ्याकडून येणारं भेटायचं आणि आई त्याला आडून आडून विचारायची, "रेल्वेचं काय म्हनता? अपघात बिपघात?" रघुनाथला काही व्हावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. पण त्याला काही होत नव्हतं, आणि तेही सोसवत नव्हतं. वर्ष गेलं, त्याचं दुसरीकडं लग्न झालं. तो धडधाकट. आता तरी लोक म्हणतील मशीन चुकलं, असं मला वाटलं होतं. लोक म्हणाले, "बघा, मोडलं म्हणून वाचला." मेला असता तर मशीन खरं, जगला तरी मशीन खरं. नवऱ्याला खाणारी म्हणून आक्काचं नाव निपाणीपासून चिकोडीपर्यंत झालं. एकदोन स्थळं आली, चहा प्यायली, गेली. रताळ्यांचं पोतं त्या पहिल्या पावसाळ्यापर्यंत कोपऱ्यात तसंच होतं. कुणाला ती उकडायचा धीर झाला नाही, आणि पावसाळी हवेत त्यांना कोंब फुटून ते पोत्यातून बाहेर आले. आईनं अखेर ती गाईला घातली, आणि त्याच दिवशी आप्पा बाहेर गेलेले बघून मामाच्या माणसांना बोलावलं आणि कंप्युटर वखारीत पाठवून दिला. संध्याकाळी आप्पा आले, रिकाम्या टेबलाकडं बघितलं आणि हातपाय धुवायला गेले. त्या विषयावर पुढं ते मरेपर्यंत बोलले नाहीत.

आता दत्तानं टेंपोतून पाठवलेलं ते मशीन माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं, तेव्हा ते आईच्या काळ्या इरकली लुगड्यात बांधलेलं होतं. गाठीला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा. बाळंतिणीच्या खाटेला बांधतात तसा, बाहेरची बाधा आत येऊ नये म्हणून. आईनं तो उलट्या कामासाठी बांधला होता. आक्कानं तो दोरा सोडला नाही, विळीवर कापला, आणि बिब्बा उचलून मागच्या अंगणात नेऊन पुरला. मी झाकण उघडलं तर आत बोटभर तंबाखूची भुकटी. त्या भुकटीनंच ते राखलं होतं. वाळवी नाही, झुरळ नाही, उंदरानं वायर कुरतडलेली नाही, आणि दोन्ही फ्लॉप्या फटींत तशाच. मी ब्रशनं एकेक भाग झाडला, फुगलेले कपॅसिटर बदलले, फ्लॉपी वाचणारी, फटीतली डोकी स्पिरिटनं पुसली. काम करताना मला मजा येत होती हे कबूल केलं पाहिजे. हात शिवशिवायचे. आणि मान वर केली की आक्का समोर बसलेली. ऑपरेशनच्या दाराशी नातेवाईक बसतात तशी.

अशा जुन्या यंत्राला एकदम वीज देत नाहीत. मी मधे एक मोठा बल्ब जोडला. आत कुठं बिघाड असेल तर बल्ब भक्कन पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. बटण दाबलं. बल्ब उजळला, तसाच राहिला, आणि मी मनात म्हटलं, गेलं, बरं झालं. मग तो हळूहळू मंद झाला. पंखा घरघरला. आतले भाग तापले तशी उरलेली भुकटी तापली, आणि ज्या वासाची आम्हाला निपाणीत कधी जाणीवही नव्हती, तो वास सगळ्या घरात भरला. आक्का एकदम म्हणाली, "आप्पा आले." पडद्यावर मधोमध हिरवा ठिपका आला, पसरला, आणि अक्षरं उमटली. पहिला प्रश्न.

मी सारा जन्म ह्या विषयात काढला आहे, तरी ते वाचून मला खुर्चीत मागं टेकावं लागलं. यंत्र सांगत होतं: आजची तारीख एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी. नवी तारीख घाला. दुसरा प्रश्न वेळेचा असायचा. त्या जातीच्या यंत्रांत घड्याळच नसायचं. बंद केलं की काळ विसरायचं, आणि सुरू केलं की दर वेळी हीच एक तारीख धरून बसायचं, जोवर माणूस खरी तारीख टाइप करत नाही तोवर. आणि नुसतं एंटर दाबलं, तर यंत्र समजणार, बरोबर आहे. जन्मवेळ खरी, गाव खरं, आणि 'सध्याची ग्रहदशा' काढलेली भलत्याच वर्षाची. वर मात्र आप्पांचा रबरी शिक्का, खऱ्या तारखेचा. मला आप्पांचा इतका राग त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता. पत्रिकेच्या त्या फ्लॉपीवर थुंकावंसं वाटलं.

आक्काला सांगू की नको, हा प्रश्नच उरला नाही. ती इंग्रजी टायपिंग शिकवलेली बाई, पडदा तिच्यासमोर होता. तिनं दोनदा वाचलं. "ही तारीख हाय?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि समजावून सांगायला लागले, तर तिनं हातानं थांबवलं आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढला. एंटर, एंटर. आप्पांसारखंच, डोळे मिटून. स्वतःची जन्मवेळ घातली. ते वाक्य आलं, जसंच्या तसं, लोखंड व चाक. तिनं मान हलवली, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी पहिल्या प्रश्नाला तिनं रताळ्यांचं पोतं आलं त्या दिवसाची तारीख घातली. तिला आठवावी लागली नाही. पडदा थोडा थांबला. "काळ अनुकूल. विवाहास विलंब करू नये."

मी रडले. मला लाज नाही सांगायला, ढसाढसा रडले. आक्का रडली नाही. तिनं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली. "म्हंजे दुसऱ्यांच्या पण सगळ्या अशाच निघाल्या असतील न्हवं?" ती म्हणाली. "अर्ध्या निपाणीच्या." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कुणी दुकान काढलं नसेल, कुणी ऑपरेशन लांबवलं असेल, कुणी पोरीला भलत्याच घरात दिली असेल, कागद देव्हाऱ्यात ठेवून. आम्ही दोघी त्या माणसांची तोंडं आठवत बसलो. मग आक्का म्हणाली, "आता आजची तारीख घाल बघू."

"कशाला गं? बघितलंस न्हवं, सगळं थोतांड आहे."

"घाल तर."

मी घातली. आणि तेच वाक्य आलं. जोडीदाराच्या जिवास लोखंड व चाक यांपासून धोका. मी घाईनं म्हटलं, "आक्का, ह्यात वाक्यं मोजकीच आहेत गं. हाताच्या बोटांवर. फिरून फिरून तीच येणार."

"व्हय, कळलं की मला. मी काय खुळी हाय?" ती म्हणाली, आणि उठून भात लावायला गेली. दारात थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता माझी जोडीदार म्हंजे तूच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजाराला निघाले तर खिळ्यावर स्कूटरची किल्ली नव्हती. "आक्का, किल्ली बघितलीस?" ती देवासमोर होती. "चालत जा. गुडघ्याला बरं असतंय." तिचा डावा हात कंबरेशी होता, कनवटीवर. मला सगळं कळलं, आणि एवढा संताप आला की सांगता सोय नाही. काल तुझ्याच हातानं खोटं पाडलंस ना, मग हे काय, असं ओरडायचं होतं. आयुष्य गेलं तुझं ह्या मूर्खपणापायी, असंही म्हणायचं होतं. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. त्या दिवशी आतल्या दारात उभी होती तेव्हा रघुनाथकडं बघितलं नव्हतं, तशीच, मान खाली घालून. मी पिशवी घेतली आणि चालत निघाले. कोपऱ्यावर सळ्या भरलेला ट्रक वळत होता. मी थांबले, दोन्हीकडं बघितलं, आणि ट्रक गेल्यावर रस्ता रिकामा दिसत असूनही तिथंच उभी राहिले. किल्ली अजून तिच्या कनवटीला आहे. मी मागितलेली नाही.